चोचीखालचे काटे

दीपमाला बंडगर सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिचा जन्म आटपाडीच्या आत एका वस्तीवरचा. घर मेंढरांमागं फिरणारं, त्यामुळं पाणी म्हणजे विहीर नाहीतर टँकर एवढंच तिच्या बालपणाला ठाऊक. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो पदवीच्या शेवटच्या वर्षी, कॉलेजच्या सहलीत. बाकीच्या मुली लाटांत खेळत राहिल्या. हिला मात्र प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या राजेश्वरी पिसाळ मॅडमनी हाक मारली आणि खाडीच्या कडेला नेलं. ओहोटी लागली होती. मॅडमनी पदर खोचला, निऱ्या गुडघ्यापर्यंत वर घेतल्या आणि सरळ चिखलात उतरल्या. एका भोकाशी वाकून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला, बराच वेळ चाचपलं आणि बोटाएवढा एक मळकट पांढरा जीव बाहेर काढला.

लोक त्याला चिखलातली कोळंबी म्हणतात, पण ही खरी कोळंबी नव्हे, असं मॅडमनी तिला तिथंच समजावलं. ही खेकड्यांना जवळची. चिखलात खोल बीळ करते, आत बसून पायांनी पाणी ढवळते आणि त्यातलं बारीकसारीक गाळून खाते. जन्म सारा अंधारात. दीपमालानं तो जीव तळहातावर घेतला, तेव्हा त्याच्या दोन डोळ्यांच्या मधून पुढं आलेली केसाळ चोच तिला दिसली. प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करायचं तिनं त्या सहलीतच ठरवून टाकलं.

ही कोळंबी मॅडमचीच होती. म्हणजे जगाला तिची ओळख त्यांनी करून दिली होती. नव्वदीच्या सुरुवातीला, कोकणातल्या कांदळीच्या खाडीत ती त्यांना सापडली. आधी कुणी वर्णन केलेल्या कुठल्याही जातीशी ती जुळेना, तेव्हा त्यांनी तिला नाव दिलं, उपोजेबिया कांदळिएन्सिस. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा तिचा स्वतःचा. आणि शास्त्राच्या रिवाजाप्रमाणं या दोन शब्दांपुढं नाव देणाऱ्याचं आडनाव लागतं, तसं तिथं ‘पिसाळ’ लागलं. ज्या एका नगावरून वर्णन केलं तो नग म्हणजे त्या जातीचा मूळ नमुना. पुढं कुणाला शंका आली तर त्यानं येऊन तो बघायचा. मॅडमनी तो कॉलेजच्या संग्रहालयात काचेच्या बरणीत ठेवला होता.

मॅडम निवृत्त होऊन माहेरी वाईला राहायला गेल्या. त्यांच्या जागी दीपमाला लागली. मग दोन हजार एकोणीस साली कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं आणि कॉलेजचा तळमजला कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. पाणी ओसरल्यावर दीपमाला आत गेली तेव्हा फडताळं आडवी पडली होती, बरण्या फुटल्या होत्या आणि सगळ्यावर काळ्या गाळाचा थर होता. चार माणसं लावून तिनं तो गाळ चाळून घेतला. मूळ नमुना मिळाला नाही. तिनं मॅडमना ते फोनवर सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, तुमच्या घरात पाणी आलं होतं का.

त्यानंतर काही वर्षांनी दीपमाला स्वतः कांदळीच्या खाडीत उतरली. चिखलातल्या जीवांची नव्यानं पाहणी करायचं काम तिनं घेतलं होतं. तिथून आणलेल्या कोळंब्या एक एक करून सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली घेतल्या, आणि एका दुपारी चोचीवरचे केस बाजूला सारताना तिला चोचीच्या खालच्या कडेला काटे दिसले. बारीक, पण ठळक. दुसरी घेतली, तिलाही होते. सगळ्यांनाच होते.

दीपमाला खुर्चीत मागं टेकून बसली. मॅडमच्या छापील वर्णनात चोचीची खालची कड गुळगुळीत आहे, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते वाक्य तिला पाठ होतं. आणि चोचीखाली काटे असणाऱ्या कोळंब्यांची परदेशातल्या अभ्यासकांनी मागंच एक वेगळी प्रजाती काढलेली होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासायला दिलं, त्याचाही निकाल तसाच आला. कोळंबी त्या दुसऱ्या प्रजातीतली होती. मग ही मॅडमची कोळंबी नव्हे. ही नवी जात, आणि ती दीपमालानं शोधलेली.

तिनं नावही ठरवून टाकलं. तिची आई धोंडुबाई, वस्तीवरच राहणारी, अजून चार शेरडं पाळून असलेली. मेंढरं विकून लेकीला सांगलीला शिकायला ठेवलेली. तिचं नाव द्यायचं. दीपमालानं तिला फोनवर सांगितलं तेव्हा आधी तिला काही समजलंच नाही, आणि समजल्यावर ती बराच वेळ हसत राहिली. चिखलातल्या किड्याला माझं नाव का म्हणून, असं ती म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन बायकांना ते सांगून आली होती. कॉलेजच्या प्राचार्यांनाही कळलं. कॉलेजची तपासणी जवळ आली होती, त्यांनी लगेच पेपरात बातमी द्यायची तयारी केली. दीपमालानं त्यांना शोधनिबंध छापून येईपर्यंत थांबवलं.

निबंध जवळजवळ लिहून झाला, आणि मग तिला खटकायला लागलं. आपली जात मॅडमच्या जातीपेक्षा वेगळी कशी, ते सांगायचा भाग ती लिहीत होती. त्यात फरक एकच निघत होता, काट्यांचा. नांगी तशीच. पायांवरच्या काट्यांची रचना तशीच. शेपटीचे पंखे तसेच. खाडीही तीच. एका खाडीत दोन जाती असू शकतात, पण मग तिला इतक्या कोळंब्यांत मॅडमची एकसुद्धा का सापडू नये? की मॅडमना तेव्हा काटे दिसलेच नसतील?

मूळ नमुना असता तर अर्ध्या तासात निकाल लागला असता. तो गेला होता. उरलं होतं ते फक्त छापील वाक्य.

तिनं हे नवऱ्याला सांगितलं. कृष्णात कुपवाडला एका कारखान्यात लेथवर सुपरवायझर होता, माणूस सरळ आणि विचारानं बोलणारा. जेवता जेवता त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की मॅडमनी गुळगुळीत लिहिलंय, तुझीला काटे हायत, मग वेगळी झाली की. त्यात तू खोटं काय लिहिणार? दीपमाला म्हणाली, खोटं काहीच नाही. नियमानंसुद्धा चालेल. तपासणारे मान्य करतील. कृष्णातनं विचारलं, मग अडलंय कुठं? तिनं ताटं आवरायला घेतली. पण त्या आठवड्यात निबंधाची फाईल तिनं उघडली नाही, आणि शनिवारी पहाटे वाईची गाडी धरली.

मॅडमचं घर गणपती घाटाच्या वरच्या गल्लीत होतं. सत्तरी उलटली होती, मोतीबिंदू काढून झाला होता, आणि आता नदीपलीकडच्या देवळावर बसलेली घार कुठली ते मला इथून कळतं, असं त्या अभिमानानं सांगत होत्या. त्यांनी दीपमालाला पोहे खायला घातले. मग दीपमालानं पिशवीतून फोटो काढून त्यांच्यापुढं ठेवले आणि सगळं सांगितलं. आपल्या मनातली शंका मात्र नीट शब्दांत मांडायला तिला जड गेलं. तुमचं चुकलं असेल का, हे ज्यांनी आपल्याला दुर्बीण धरायला शिकवलं त्यांना कसं विचारायचं?

मॅडमनी फोटो उजेडाला धरून पाहिले. एकेक, सावकाश.

“सुरेख आलेत,” त्या म्हणाल्या. “आता तुला विचारायचंय की मी नीट बघितलं होतं का. तेच ना?”

दीपमालानं मान हलवली.

“मला आठवत नाही, दीपमाला. आणि मी कितीही सांगितलं की बघितलं होतं, तरी ते कामाचं नाही. माझ्या आठवणीवर जात उभी राहते होय?”

मग त्यांनी फोटो गोळा केले आणि शांतपणे दोन्ही बाजू मांडल्या. माझं वर्णन बरोबर असेल तर माझी कोळंबी तिच्या जागी राहील आणि ही नवी, तुझी. मी चुकले असेन तर तुझी आणि माझी कोळंबी एकच. मग ती माझी, पण तिला त्या दुसऱ्या प्रजातीत न्यावं लागेल. आणि प्रजाती बदलली की नाव देणाऱ्याचं आडनाव कंसात टाकतात. तेव्हा मी कंसात जाईन, आणि तुला काहीच मिळणार नाही. म्हणजे मी बरोबर निघाले तर तुझा फायदा.

हे सगळं दीपमालानं येताना गाडीत मनात पुष्कळदा मांडलं होतं. तरी मॅडमच्या तोंडून ऐकताना तिला कसंसंच झालं. तिनं खाली बघून पोह्याची बशी उचलली आणि मोरीत नेऊन धुतली.

ती परत आली तेव्हा मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. मूळ नमुना सापडला त्या ओहोटीला कांदळीला पुष्कळ कोळंब्या मिळाल्या होत्या, त्या म्हणाल्या. वर्णनाला सगळ्या लागल्या नव्हत्या. सांगलीला लागण्याआधी मॅडम मेढ्याच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायच्या, आणि त्या शाळेला आपण काही ना काही देत राहायचं अशी त्यांची सवय होती. त्याच ओहोटीला काढलेल्या दोन कोळंब्या त्यांनी बाटलीत घालून त्या शाळेला दिल्या होत्या. आता त्या असतील की नाही, देव जाणे.

शाळा दुपारपर्यंत होती. मॅडमनी लगेच पायात चपला घातल्या. दोघी पाचवडपर्यंत एसटीनं आणि तिथून पुढं सीटवर पैसे घेणाऱ्या वडापच्या जीपनं गेल्या. जीप माणसांनी भरलेली, मॅडम पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि जावळीतल्या कुडाळपर्यंत त्याच्याशी स्ट्रॉबेरीच्या रोपांविषयी बोलत राहिल्या. दीपमाला मागं दोन पोत्यांमध्ये अंग चोरून बसली होती. बाटली नसावी, असं तिला वाटून गेलं. नसेल तर कुणाचाच दोष नाही. छापील वाक्य राहील, आपला निबंध राहील, आईचं नाव लागेल. असा विचार आपल्या मनात आला याचं तिला वाईट वाटलं, पण तो गेला नाही.

मेढ्याच्या शाळेत विज्ञानाला प्रांजल नावाच्या एक तरुण बाई होत्या. मॅडम कोण ते कळल्यावर त्यांनी आनंदानं प्रयोगशाळा उघडून दिली. जुन्या इमारतीतलं सामान नव्या इमारतीत आणताना बरंचसं टाकून दिलं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. एका कपाटात मात्र बाटल्या होत्या. एक साप, दोन विंचू, तारामासा, कोंबडीच्या अंड्यातली वाढ दाखवणाऱ्या लहान बाटल्या, आणि त्यांच्या मागं, भिंतीला चिकटून, एक चपटी बाटली. आतलं पाणी चहासारखं पिवळं झालं होतं. वरची चिठ्ठी अर्धी निघाली होती, पण तिच्यावर कांदळी, साल आणि मॅडमचं वळणदार अक्षर नीट वाचता येत होतं.

दोनपैकी एक कोळंबी विरघळून तिचे तुकडे झाले होते. दुसरी शाबूत होती. फॉर्मॅलिनमध्ये इतकी वर्षं राहिल्यानं तिच्यातून डीएनए मिळण्याची आशा नव्हती; जे बघायचं ते डोळ्यांनीच. प्रांजलबाईंनी शाळेची आरसा असलेली दुर्बीण खिडकीपाशी आणून ठेवली. मॅडमनी चिमट्यानं कोळंबी बशीत उताणी ठेवली, आरसा फिरवून उजेड घेतला आणि डोळा लावला. त्या पुष्कळ वेळ पाहत राहिल्या.

“गुळगुळीत आहे,” त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. “तू बघ.”

दीपमालानं पाहिलं. चोचीची खालची कड तिच्यासमोर होती. सरळ, एकसारखी, काट्याचा कुठं मागमूस नाही. छापील वाक्य खरं होतं. तिच्या छातीत एकदम हलकं झालं. दोन जाती होत्या. मॅडम चुकल्या नव्हत्या, आणि कुणाचं काही हिसकावून न घेता नवी जात तिची होत होती. प्रांजलबाई हसून विचारत होत्या की मिळालं का हवं ते. मॅडमनी चष्मा पुसायला घेतला होता. आता इथं थांबलं तर कुणी काही म्हणणार नव्हतं.

पण तिचा डोळा अजून दुर्बिणीलाच होता, आणि तिला ती कड जास्तच सरळ वाटायला लागली. या जिवांची चोच खालून केसाळ असते. इथं केस कुठं होते? नीट बघितल्यावर तिच्या लक्षात आलं. केस होते. खाडीचा बारीक गाळ त्यांच्यात बसून, घट्ट होऊन, वर एक पातळ साय धरल्यासारखी झाली होती. दोघींना दिसत होती ती चोचीची कड नव्हती, गाळाची होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “ब्रश फिरवून बघू या.”

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. मग प्रांजलबाईंना चित्रकलेच्या वर्गातून सगळ्यात बारीक ब्रश आणायला सांगितलं. तो आला तेव्हा मॅडमनीच तो हातात घेतला. त्यांचा हात स्थिर होता. थेंब थेंब पाणी सोडून, केसांच्या दिशेनं, त्या हळूहळू गाळ सोडवत राहिल्या. बशीतलं पाणी गढूळ झालं, बदललं, पुन्हा गढूळ झालं. शेवटी त्यांनी ब्रश ठेवला आणि डोळा लावला.

या वेळी त्यांना फार वेळ लागला नाही.

“आहेत,” त्या म्हणाल्या. “अगदी ओळीनं आहेत.”

दीपमालानंही पाहिलं. तिच्या कोळंब्यांना होते तसेच, तिथंच. जात एकच होती. मॅडम स्टुलावर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. मग त्या म्हणाल्या की जगातल्या कितीतरी लोकांनी माझं ते वाक्य घेऊन पुढं तक्ते केले असतील, ते आता दुरुस्त करायला हवेत. प्रांजलबाईंना झालं काय ते नीट कळलं नव्हतं. मॅडमनी त्यांना दुर्बिणीशी बसवलं आणि काटे कुठं, कसे बघायचे, ते वर्गात शिकवावं तसं शिकवलं.

स्टँडवर जीप भरेपर्यंत दोघींनी चहा घेतला. नवी जात म्हणून काय नाव ठरवलं होतंस, मॅडमनी विचारलं. दीपमालानं आईचं नाव सांगितलं. वस्तीवरच्या त्या दोन बायकांची तिला आठवण झाली. मॅडमनी तिची समजूत घातली नाही. त्या चहा पीत राहिल्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, “ब्रश तू मागितलास. मी आपणहून मागितला नसता.”

निबंध दीपमालानं नव्यानं लिहिला. मेढ्याची कोळंबी मूळ मालातलीच असल्यानं, गेलेल्या नमुन्याच्या जागी तिची नेमणूक करता आली. शाळेची रीतसर परवानगी घेऊन ती पुण्याच्या मोठ्या संग्रहात ठेवली, पुराचं पाणी पोचणार नाही अशा जागी. मॅडमचंही नाव लेखकांत घालायचं दीपमालाच्या मनात होतं. मॅडमनी नको म्हणून सांगितलं. तू लिही, मी वाचून देते, म्हणाल्या. त्यांनी वाचला आणि त्यांच्या चुकीविषयी दीपमालानं फार मऊ शब्दांत लिहिलेली दोन वाक्यं काढून टाकायला लावली. छापून आला तेव्हा कांदळिएन्सिस दुसऱ्या प्रजातीच्या नावाखाली होती आणि पुढं कंसात पिसाळ.

प्राचार्यांनी पेपरात द्यायचा मजकूर गुंडाळून ठेवला. जुन्या जातीचं नुसतं आडनाव बदललं, यात बातमी काय, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक नव्हती. त्या रविवारी कृष्णातनं बाजारातून मटण आणलं आणि स्वतः शिजवलं.

आईला सांगायला दीपमाला वस्तीवरच गेली. फोनवर सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. धोंडुबाई शेरडांपुढं पाला टाकत होती. लेकीचं सगळं ऐकून तिनं हात झटकले.

“म्हंजे ती तुज्या बाईंचीच निघाली, व्हय?”

“होय, आई.”

“मग त्यांची त्यांना दिलीस. बरं क्येलंस.” आणि पुन्हा पाल्याकडं वळत ती म्हणाली, “त्या बायांना मी सांगती, न्हाई म्हणून. तू नगं त्येची काळजी करू.”

पण गोष्ट तिथं संपली नाही. निबंध तपासणाऱ्या परदेशी अभ्यासकानं लिहून कळवलं की भारतातल्या इतरही काही जुन्या वर्णनांत चोचीची खालची कड गुळगुळीत म्हटलेली आहे. त्यांचेही नमुने स्वच्छ करून एकदा पाहावेत. दीपमालानं निरनिराळ्या संग्रहांना पत्रं घातली आणि सांगलीला बरण्या यायला लागल्या. काम वर्षभर चाललं. आणखी दोन जातींची प्रजाती बदलावी लागली, बाकीच्यांची वर्णनं बरोबर निघाली. नवं काहीच सापडलं नाही. तरी त्या वर्षात, दार लावून दुर्बिणीशी बसलेली असताना, पूर्वी कधी नव्हतं इतकं समाधान तिला वाटायचं, आणि घरी आल्यावर ती कृष्णातला ते सांगायचीही.

पुढच्या थंडीत मॅडमचा फोन आला. मेढ्याच्या शाळेचं कपाट आपण रिकामं केलं, प्रांजलबाई काही म्हणणार नाहीत पण त्यांना बदली काहीतरी द्यायला पाहिजे, असं त्या म्हणाल्या. त्यांनी पंचांग बघून कांदळीला जायला मोठ्या ओहोटीचा दिवसही काढून ठेवला होता. या वयात गुडघाभर चिखलात उतरायचं म्हणजे काय, असं दीपमालानं विचारून पाहिलं. त्यावर, मी काठावर उभी राहून सांगीन आणि तू हात घाल, असं उत्तर मिळालं.

कराडच्या स्टँडवर दोघींची गाठ पडली. मॅडमनी बरोबर रिकाम्या बाटल्या आणि दोघींपुरत्या भाकरी आणल्या होत्या. चिपळूणची गाडी लागली तेव्हा जागा मिळाली ती मागची, आणि पाटण मागं टाकून घाटाला लागेपर्यंत मॅडम झोपल्या होत्या.